पाहुण्याला बोलवायचं कशासाठी?

पत्राचा गोषवारा: बडोद्याच्या एक वाचक, वय 54, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या. एका सेवा क्लबच्या सभासद आहेत आणि जुलैपासून तिथल्या प्रोग्रॅम कमिटीचं काम त्यांच्याकडे आहे. महिन्यातून दोन शुक्रवारी अलकापुरीतल्या एका हॉटेलात मीटिंग असते. कागदावर आठ ते नऊ, मग जेवण. मागच्या महिन्यात त्यांनी वडिलांच्या स्नेह्यांना, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या 76 वर्षांच्या इंजिनिअर काकांना, विश्वामित्रीच्या पुराबद्दल बोलायला बोलावलं. घंटा वाजायलाच 8.35 झाले. मग सेक्रेटरींच्या सूचना, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, एका सभासदाच्या मुलाला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणून त्याचा सत्कार, बॅनर धरून फोटो. काकांच्या हातात माइक आला 9.25 ला. पाच-सात मिनिटांत मागे बुफेच्या भांड्यांची झाकणं निघाली, वास सुटला, मंडळी एकेक करून उठायला लागली. 9.40 ला प्रेसिडेंटनी ‘आटोपतं घ्या’ अशी चिठ्ठी पाठवली आणि काकांनी अर्ध्यात लॅपटॉप मिटला. ‘जाताना एवढंच म्हणाले, जेवण छान होतं हो. ते वाक्य माझ्या कानातून जात नाही,’ असं वाचक लिहितात. बोर्ड मीटिंगमध्ये निष्कर्ष निघाला की विषय जड होता. यापुढे मोटिव्हेशनल वक्ता किंवा कुणीतरी नाववाला माणूस आणावा, 25 हजारांपर्यंत मानधन द्यायला हरकत नाही. त्यांना स्वतःला वाटतं की आपल्या लोकांना ऐकायची सवयच राहिलेली नाही, ‘आणि आमच्याकडे निम्मे व्यापारी, त्यांना यात काय रस असणार?’ यजमान म्हणतात, सोडून दे. त्यांचे प्रश्न: नाववाले वक्ते आणू का? पद सोडू का? आणि काकांना तोंड कसं दाखवू?

ताई,

तुमच्या पत्रातल्या वेळा मी आधी एका कागदावर उतरवून घेतल्या. 8.35 ते 9.25 ही पन्नास मिनिटं क्लब स्वतःबद्दल बोलत होता. पाहुण्याला मिळाली पंधरा, आणि त्यातली निम्मी पनीरच्या वासात गेली. या पंधरा मिनिटांवरून ‘विषय जड होता’ असा निकाल लागला, आणि तुम्हीही तो अर्धामुर्धा मान्य करून बसला आहात. साडेनऊला, रिकाम्या पोटी, कुणीही उभा राहिला असता तरी हेच झालं असतं. नाववाला असता तर लोक कदाचित दहा मिनिटं जास्त बसले असते, आणि तेही त्याच्याबरोबर सेल्फी घ्यायचा राहिलाय म्हणून.

तेव्हा वक्ता बदलायचा की नाही हे नंतर बघू. आधी हे बघू की तुमच्या क्लबला वक्ता हवा आहे तो कशासाठी. बहुतेक क्लबांत याचं खरं उत्तर ‘मीटिंग आहे म्हणून’ असं असतं. पाहुणा नसेल तर मीटिंग आणि नुसतं जेवण यांत फरक उरत नाही, आणि तो उरावा एवढ्यासाठी कुणीतरी माणूस उभा करायचा. दोष एकट्या तुमच्या क्लबचा नाही. सेवा क्लब, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, सोसायट्यांचे वार्षिक कार्यक्रम, सगळीकडे हाच नमुना आहे, आणि या सदराकडे अशी पत्रं येत असतात. म्हणून तुम्हाला उत्तर देताना थोडं त्या सगळ्यांनाही देते आहे.

तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य सहज येऊन गेलं आहे: ऑगस्ट 2024 च्या पुरात क्लबने अकोटा आणि समा भागांत रेशनची किटं वाटली. पत्रात पुढे त्याचा काही संबंध नाही. तुमचा क्लब काम करतो हे मला कळावं म्हणून तुम्ही ते लिहिलंत. पण मला वाटतं सगळी गोष्ट तिथेच आहे. त्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली होती. पावागडाच्या डोंगरातून निघालेली ही नदी शहराच्या मधून वळणं घेत जाते. वरच्या अंगाला आजव्याचं धरण. शहरातल्या कोतरांत, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या घळींत, भराव पडलेले. पाणी चढायला लागलं की आधी कुठली वस्ती, मग कुठली, याला एक क्रम असतो, आणि मगरी कुठल्या पुलापाशी वर येतात यालाही. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हा क्रम पाठ असणार. ज्या क्लबने किटं वाटली त्याच क्लबपुढे, किटं कुठे आणि कधी पोचायला हवीत हे सांगू शकणारा माणूस उभा होता. आणि क्लब त्याला म्हणाला, आटोपतं घ्या.

हे दुष्टपणातून झालेलं नाही. किटं वाटणं ‘प्रोजेक्ट’च्या फायलीत आहे आणि काकांचं भाषण ‘प्रोग्रॅम’च्या. दोन फायली, दोन कमिट्या. काका बोलायला उभे राहिले तेव्हा हॉलमधल्या एकालाही कुणी सांगितलं नव्हतं की हे ऐकून आपल्याला पुढे काहीतरी करायचं आहे. करायचं काहीच नसलं की माणूस करमणूक शोधतो, आणि करमणुकीत काकांची बुफेशी स्पर्धा होती.

पाहुण्याचं बोलणं आणि संस्थेचं काम एकमेकांना कसं लागतं याचा एक दाखला देते. 1978-79 साली रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष ऑस्ट्रेलियाचे क्लेम रेनूफ होते. देवीच्या रोगाच्या निर्मूलनाबद्दलचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. त्यांनी संसर्गजन्य रोगांचे संशोधक डॉ. जॉन सेव्हर यांना विचारलं की आपल्यासारख्या संस्थेने एखाद्या लसीचं काम अंगावर घ्यायचं तर कुठली घ्यावी. सेव्हर म्हणाले, पोलिओ. 1979 मध्ये फिलिपिन्सच्या मुलांना डोस द्यायला सुरुवात झाली, 1985 मध्ये पोलिओप्लस ही मोहीम जाहीर झाली. पुढे सरकारं, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि दारोदार फिरणाऱ्या लाखो आरोग्यसेविका अशा सगळ्यांचे हात लागले. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात आढळला आणि 27 मार्च 2014 ला भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. रेनूफनी सेव्हरांना प्रेरणा द्यायला बोलावलेलं नव्हतं. त्यांच्याकडे एक अडलेला प्रश्न होता आणि त्याचं उत्तर देऊ शकणारा माणूस त्यांनी गाठला. तुमच्या क्लबने पोलिओ हटवावा असं मी म्हणत नाही. पण असा अडलेला एक प्रश्न क्लबकडे असेल तर वक्ता शोधणं सोपं होतं, आणि लोक बसतातही.

आता तुमच्या दोन वाक्यांशी मला थोडं भांडायचं आहे.

‘आपल्या लोकांना ऐकायची सवयच राहिली नाही.’ बडोद्यात राहून हे म्हणणं म्हणजे सयाजीरावांवर अन्याय आहे. खेड्यातले लोक वाचत नाहीत अशी हळहळ त्यांनाही करता आली असती. त्यांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं, संस्थानभर वाचनालयं उभी केली, आणि जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. सवय ही व्यवस्थेच्या मागून येते. तुमच्या हॉलमध्ये व्यवस्था अशी आहे की जो ऐकायला बसेल त्याला गार पुऱ्या मिळतील. अशा ठिकाणी उठून रांगेत जाणारा माणूस असंस्कृत नाही, शहाणा आहे.

दुसरं, ‘निम्मे व्यापारी, त्यांना काय रस?’ हे वाक्य आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत फार ऐकू येतं. नोकरी, शिक्षण, संगीत आपलं. पैसा आणि खाणं त्यांचं. रागावू नका, पण ही वाटणी आपणच करून ठेवली आहे आणि ती खोटी आहे. पुरात तुमच्या-माझ्या घरात पाणी शिरलं तर सोफा जातो. ज्याचं गोडाऊन तळमजल्यावर आहे त्याचा वर्षाचा माल जातो. त्या हॉलमध्ये विश्वामित्रीबद्दल सगळ्यात टोकदार प्रश्न कुणाकडे असतील तर ते या मंडळींकडे: आजव्यातून पाणी सोडल्यावर आमच्याकडे किती तासांनी पोचतं? माल वर चढवायला किती वेळ मिळतो? सूचना कुठून येते? काकांना या प्रश्नांची उत्तरं द्यायला आवडलं असतं आणि निम्म्या हॉलने कागदावर लिहून घेतली असती. पण प्रश्न विचारायची वेळच आली नाही.

शिवाय दिवसभर दुकानात उभा राहून आठला आलेला माणूस भुकेला असतो, हे आपण निवृत्त लोक विसरतो.

म्हणून पहिली सूचना घड्याळाबद्दल आहे, आणि ती मानली गेली नाही तर बाकीच्या सूचनांना फारसा अर्थ नाही. भाषण आधी, सूचना नंतर. आठला येतील त्यांच्यासाठी काहीतरी खायला ठेवा: खमण, चहा, एवढं पुरतं. 8.15 ला घंटा, दोन मिनिटांत ओळख, पंचवीस मिनिटं भाषण, पंधरा मिनिटं प्रश्न. नऊला पाहुणा मोकळा. त्यानंतर वाढदिवस, सत्कार, फोटो, जे हवं ते, अगदी जेवता जेवता. वाढदिवसांना जेवणाची चव लागत नाही असं कुठे आहे? उलट हातात ताट असलं की शुभेच्छा जास्त मनापासून निघतात.

बोर्डात कुणीतरी म्हणेल की पाहुण्याचा सत्कार तर आधी करायलाच हवा, रीत आहे. नारदीय कीर्तनातली रीत सांगा त्यांना. पूर्वरंग झाल्यावर मध्यंतरात बुवांना बुक्का लावतात, हार घालतात. माणूस अर्धा तास बोलून झालेला असतो आणि हार घालणाऱ्याला आपण तो कशाबद्दल घालतोय हे ठाऊक असतं. तुमच्याकडेही भाषण आणि प्रश्न यांच्या मध्ये फुलं द्या.

आणि लोक उशिरा येतात म्हणून मीटिंग उशिरा सुरू करायची, हे बंद करा. त्यात वेळेवर आलेल्यांना शिक्षा होते. तिसऱ्या मीटिंगला निम्मे लोक वेळेवर दिसतील; उरलेले निम्मे कधीच दिसणार नाहीत, त्यांची काळजी सोडा.

इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. पाहुणा तुमचा, पण अजेंडा प्रेसिडेंट आणि सेक्रेटरींचा. माइक कधी कुणाच्या हातात जाणार हे तुमच्या हातात नाही, आणि तो उशिरा गेला तर मान खाली तुमची. रोटरीत बायकांना सभासदत्व खुलं व्हायला 1989 साल उजाडलं. क्लबांची दारं उघडून इतकी वर्षं झाली, पण ‘पाहुण्यांचं मॅडम बघतील’ हे वाक्य अजून टिकून आहे. पाहुण्यांचं बघायचं म्हणजे त्यांना आणायचं, हसून बसवायचं, गाडीपर्यंत सोडायचं. तुम्ही बँकेत होतात. अधिकार नसताना सही करायला कुणी सांगितलं असतं तर केली असतीत का? मग इथेही करू नका. प्रोग्रॅम कमिटीला भाषणाच्या चाळीस मिनिटांवर हक्क हवा आणि तो बोर्डाच्या इतिवृत्तात लिहिलेला हवा. तोंडी ‘हो हो, बघू’ चालणार नाही.

बोर्डापुढे हे मांडताना काकांचा अपमान हा मुद्दा करू नका. तो झाला आहे, पण त्यावर बोललात की प्रेसिडेंट स्वतःचा बचाव करतील, जुने पास्ट प्रेसिडेंट त्यांच्या बाजूने उभे राहतील आणि तुमचा विषय बाजूला राहील. एवढंच म्हणा: पुढच्या तीन मीटिंगांना भाषण आधी ठेवून बघू, जमलं नाही तर पुन्हा पूर्वीसारखं. तीन मीटिंगांना नाही म्हणणं कुणालाही जड जातं. आणि जाण्याआधी दोघा-तिघांशी फोनवर बोलून घ्या. बोर्डातले निर्णय बोर्डात होत नसतात हे बँकेत तुम्ही पाहिलं असेलच.

आता 25 हजारांचं. मानधन देण्यात वाईट काही नाही. बोलणं हाच ज्याचा व्यवसाय आहे त्याला फुकट बोलवणं हेच खरं वाईट. पण मोटिव्हेशनल वक्त्याचं भाषण तुमच्या क्लबसाठी बनलेलं नसतं. तेच भाषण गुरुवारी सुरतेला झालेलं असतं आणि शनिवारी आणंदला व्हायचं असतं. सभासद टाळ्या वाजवतील, दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सुपर्ब’ येत राहील. वर्षातून एकदा, कुटुंबांसह असलेल्या मीटिंगला, जरूर बोलवा, सगळ्यांना मजा येईल. दर पंधरवड्याला मात्र तुमच्या कामाला उपयोगी पडेल असा माणूस हवा, आणि असे लोक बडोद्यात रिक्षाच्या भाड्यात येतात. ज्या सरकारी शाळेत तुम्ही बाकं दिलीत तिथल्या मुख्याध्यापिका. सयाजी हॉस्पिटलच्या रक्तपेढीत काम केलेलं कुणी, जे सांगतील की उन्हाळ्यात रक्त कमी का पडतं आणि तुमचं शिबिर जूनमध्ये लागण्याऐवजी कधी लागायला हवं. पुरात बोटी चालवणारा अग्निशमन दलाचा जवान. मगरी पकडणारे स्वयंसेवक. त्यांच्या भाषणाला तर मुलंसुद्धा उठणार नाहीत. यांतल्या कुणाच्याच नावाने हॉल भरत नाही. पण बोलून झाल्यावर क्लबला करायला काहीतरी मिळतं.

शोधण्याची रीत उलटी करा. आजवर तुम्ही कोण ओळखीचं आहे ते बघत होतात. आता तुमच्या प्रोजेक्टांची यादी समोर घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा: यात आपल्याला काय कळत नाही? ज्याच्यापुढे लिहायला काहीच सुचणार नाही तो प्रोजेक्ट बहुधा फोटोपुरता आहे. बाकीच्यांपुढे जे लिहिलं जाईल ती तुमच्या वक्त्यांची यादी.

घरातलेही वक्ते आहेत. 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघा ओळखीच्यांना जमवलं: एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर, एक शिंपी. इंजिनिअरच्या कचेरीत ते बसले, आणि पुढच्या सभा आळीपाळीने एकमेकांच्या कामाच्या जागी भरू लागल्या. रोटरीची सुरुवात ही. हॉटेल नव्हतं, बॅनर नव्हतं, वक्ता म्हणजे आपल्यातलाच एक. तुमच्या क्लबमध्ये ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग बनवणारे कुणी असतील, दातांचे डॉक्टर असतील, फरसाणाचा कारखाना असेल. वीस वर्षं एका टेबलावर जेवलेल्या माणसाचा दिवस कसा जातो हे आपल्याला माहीत नसतं. दोन महिन्यांतून एक मीटिंग एखाद्या सभासदाच्या कामाच्या ठिकाणी ठेवा आणि त्यालाच बोलू द्या. हॉटेलचा खर्च वाचतो, आणि ज्या व्यापाऱ्यांना रस नाही असं तुम्हाला वाटतं ते स्वतःच्या कारखान्यात उभे राहून कसे बोलतात ते ऐका. आता नियमही आड येत नाहीत. रोटरीत पूर्वी दर आठवड्याला मीटिंग सक्तीची होती. 2016 पासून महिन्यातून किमान दोन झाल्या तरी चालतं आणि त्या कशा घ्यायच्या हे क्लबने ठरवायचं. तुमच्या क्लबची नियमावली एकदा वाचून ठेवा. पंचवीस वर्षं ‘नियमच आहे’ म्हणून चालत आलेलं बरंचसं नियमात नसतं.

पाहुण्याशी आधी बोलण्याबद्दल. नुसती तारीख आणि पत्ता पाठवू नका. फोन करून तीन गोष्टी सांगा: समोर कोण बसणार आहे, आम्ही या विषयात काय केलं आहे, आणि तुमच्याकडून आम्हाला नेमकं काय कळून हवं आहे. काकांना तुम्ही विषय दिला होता ‘विश्वामित्रीचा पूर’. तेवढ्या विषयावर कुठलाही इंजिनिअर चाळीस स्लाइड आणणारच, पर्जन्यमानाच्या तक्त्यापासून सुरुवात करून. ‘काका, पुढच्या पुरात आम्ही किटं आधी कुठे न्यावीत, आणि काय करू नये?’ असं विचारलं असतंत तर ते एक नकाशा घेऊन आले असते. यात काकांना दोष नाही, तुम्हालाही नाही. विषय मागायची आपल्याकडे पद्धतच अशी आहे.

भाषा कुठली हेही फोनवरच ठरवा. बडोद्यात आपण तीन भाषांत जगतो, पण माइक हातात आला की उगाच इंग्रजीत शिरतो. काकांसारख्या माणसाचं गुजराती अस्सल असणार, त्यांना तेच बोलू द्या.

ओळख करून देताना बायोडाटा वाचू नका. पाहुणे कुठल्या साली कुठल्या पदावर होते हे ऐकून कुणाचं कुतूहल जागं झालेलं मी पाहिलेलं नाही. हा माणूस आज आपल्यापुढे का आहे, एवढं दोन वाक्यांत सांगा. पहिला प्रश्न कोण विचारणार हे एखाद्या सभासदाशी आधीच ठरवून ठेवा, कारण पहिला प्रश्न आला की दुसरा आपोआप येतो. आणि आभार मानणाऱ्याला सांगा, भाषणातली एक गोष्ट उचलून तीवर बोला, ‘ज्ञानाचा खजिना’ वगैरे नको.

मोमेंटोबद्दल माझं मत कडक आहे. लाकडी फळीवर पितळेची पट्टी लावलेली ती वस्तू पाहुण्याच्या सुनेला आयुष्यभर पुसावी लागते. त्याऐवजी महिन्याभराने एक पत्र पाठवा: आपण सांगितलं त्यातलं आम्ही हे हे केलं. ते पत्र लोक जपून ठेवतात. मात्र त्यासाठी काहीतरी केलेलं असावं लागतं, ही त्यातली मेख.

काकांकडे या आठवड्यात जा. फोन नको, व्हॉट्सअ‍ॅप तर नकोच. पेढे, फुलं, क्लबचं लेटरहेड, यातलं काही नेऊ नका. ‘काका, त्या दिवशी तुम्हाला बोलू दिलं नाही, मला वाईट वाटलं,’ एवढं म्हणा. कारणं देऊ नका, प्रेसिडेंटची चहाडीही करू नका. ते म्हणतील, छे गं, त्यात काय एवढं. जुनी माणसं असंच म्हणतात, ते खरं मानून विषय सोडू नका. म्हणा, उरलेल्या स्लाइड मला दाखवा. आणि वही घेऊन बसा. हे त्यांची समजूत काढण्यासाठी नाही, तुम्हाला ते लागणारच आहे. पाणी आधी कुठे येतं, कुठला रस्ता शेवटपर्यंत चालू राहतो, किटांमध्ये लोकांना खरं काय हवं असतं: शिजवावं लागेल असं पीठ-तांदूळ की चुरमुरे, मेणबत्त्या आणि पिण्याचं पाणी? चूलच पाण्यात असेल तर पिठाचं काय करायचं, हे किटं भरणाऱ्या कमिटीला बहुधा सुचलं नसेल.

क्लबने ती तीन मीटिंगांची गोष्ट मान्य केली, तर मेमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आत, काकांना पुन्हा बोलवा. लगेच नको, आधी दुसऱ्या दोन पाहुण्यांवर नवं घड्याळ चालतंय का ते बघा, काकांवर दुसऱ्यांदा प्रयोग नको. जमलं तर हॉटेलात बोलवूच नका. विश्वामित्रीवरच्या काळाघोड्याच्या पुलापाशी संध्याकाळी साडेसहाला सगळे जमा, पातळी कुठे मोजतात ते त्यांना दाखवू द्या, आणि मग कुणाच्या तरी घरी चहा. 76 वर्षांच्या माणसाला उभं ठेवणार असाल तर खुर्ची न्या.

पद सोडण्याबद्दल. यजमान तुमच्या काळजीने म्हणतात, पण आत्ता सोडलंत तर ‘विषय जड होता आणि मॅडमना राग आला’ अशी नोंद राहील आणि तुमच्या जागी जो येईल तो मोटिव्हेशनलवाल्याला फोन करेल. वर्ष तसंही 30 जूनला संपतं. तोवर राहा, तीन मीटिंगा मागा. बोर्डाने त्याही नाकारल्या तर पद शांतपणे परत करा, सभासदत्व ठेवा, आणि पुराचं काम प्रोजेक्ट कमिटीत शिरून करा. काकांची वही तिथेही चालेल. फक्त बोर्डाचा निर्णय लेखी हातात येईपर्यंत कुठल्याही बाहेरच्या पाहुण्याला तारीख देऊ नका. पुढच्या शुक्रवारसाठी तुम्ही कुणाला आधीच बोलावलं असेल, तर आजच सेक्रेटरींना फोन करून विचारा की त्यांना माइक किती वाजता मिळणार आहे, आणि समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर पाहुण्यांना तसं स्पष्ट कळवून तारीख पुढे ढकला.